शिंगाळ्याच्या तोंडी

सिनेमाच्या धंद्यात बरीच वर्षं घासल्यावर धीरज तामोरेला एक गोष्ट पक्की कळली होती. निर्मात्याला पटकथा आवडली तरी त्याला चैन पडत नाही. पैसे आपण घालायचे आणि कापायचं मात्र काहीच नाही, हे त्याच्या मनाला पटत नाही. मग तो चाचपडत चाचपडत नेमका लेखकाच्या काळजाच्या सीनपाशी येतो आणि म्हणतो, "बाकी झकास आहे, फक्त हे जरा लांबतंय."

म्हणून धीरज प्रत्येक पटकथेत एक बकरा बांधून ठेवायचा. बकरा म्हणजे असा सीन, जो कुणाही शहाण्या माणसाला वाचताक्षणी कापावासा वाटेल. एका कौटुंबिक सिनेमात त्याने स्मशानात लावणी घातली होती. दुसऱ्यात नायिकेच्या डोक्यात नारळ पडून तिला अचानक फाडफाड कानडी येऊ लागत होतं. निर्माते त्यावर खुशीत फुली मारत, आपण सिनेमा वाचवला म्हणून चहा मागवत आणि उरलेल्या पानांना हातही लावत नसत. बकऱ्याने दगा दिल्याचं एकही उदाहरण नव्हतं. फक्त त्या सिनेमांवर नाव दुसऱ्याच कुणाचं तरी यायचं, कारण धीरज अजून 'लिहून देणारा' होता, लेखक नव्हता.

या वेळी मात्र पडद्यावर त्याचंच नाव येणार होतं. बोईसरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना असलेल्या कुंदनशेठ राऊतांना सिनेमा काढायची हुक्की आली होती. दिग्दर्शनाला मुंबईची हेतल होती, हुशार आणि मोजकं बोलणारी. आणि गोष्ट होती धीरजच्या स्वतःच्या गावची, जवळच्याच समुद्रकाठच्या दांडीची. बापाची होडी सोडून कारखान्यात गेलेला पोरगा सगळं गमावून परत येतो, एवढीच गोष्ट. पण तिच्या मधोमध आईचा एक सीन होता आणि धीरजने सगळा सिनेमा त्या एका सीनसाठी लिहिला होता.

तो सीन त्याने रचलेला नव्हता. तो घर सोडून निघाला त्या सकाळी त्याची आई पुष्पलता बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी वलांडीच्या दोरीवर टाकायची, असं तिचं चाललं होतं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "जा. पन परत येशील तवा आदी जेव. हरलास का जिंकलास, ते मंग सांग." त्यानंतर धीरज हरून कितीतरी वेळा घरी आला आणि दर वेळी भात आधी वाढला गेला.

"या पिक्चरात मी हाय?" आईने विचारलं होतं.

"आहेस."

"नक्की?"

"नक्की."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या दांडीत झाली. शेजारच्या दमयंतीने तर आपण मागे सुकट निवडताना दिसू का, तेही विचारून घेतलं. तेव्हा हा सीन कात्रीतून वाचायलाच हवा होता, आणि त्यासाठी बकराही तसाच धष्टपुष्ट हवा होता. बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघता बघता धीरजने तो लिहून पाडला. नायक समुद्रात जाळं ओढतो, जाळ्यात भलामोठा शिंगाळा मासा येतो, आणि तो मिशा हलवत नायकाच्या मेलेल्या बापाच्या आवाजात उपदेश करतो. लिहिताना धीरज एकटाच इतका हसला की रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेला.

वाचन कारखान्याच्या ऑफिसात झालं. खळीचा वास नाकात बसला होता आणि सुपरवायझर मारुती दर दहा मिनिटांनी दार उघडून हमालांशी बोलण्याच्या सवयीने शेठशीही हिंदीत बोलत होता. आईचा सीन धीरज सावकाश, शब्द न् शब्द वाचत होता, तेव्हा कुंदनशेठ चलनांवर सह्या करत होते. "शेठ, भिवंडी की गाडी लग गई," मारुती म्हणाला. "भरा," शेठ म्हणाले. धीरज पुढे सरकला आणि शिंगाळ्यापाशी आला.

कुंदनशेठांनी पेन खाली ठेवलं.

धीरज हसू येण्याची वाट बघत राहिला. हसू आलं नाही. शेठांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न लावता हातातच धरला.

"माझ्या बाबांना अशाच मिशा होत्या," ते म्हणाले.

मग कळलं ते असं. केळव्याची सुपारीची वाडी विकून कुंदनशेठांनी पहिलं मशीन घेतलं, त्या दिवसापासून बाबा त्यांच्याशी बोलले नाहीत. एका घरात राहिले, एका पंगतीत जेवले, पण बोलले नाहीत. आणि तसेच गेले. "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं," शेठ म्हणाले. "हा सीन मोठा करा. आईचा तेवढा काढा, एका सिनेमात दोन रडणी नकोत."

स्वतःच्या सीनविरुद्ध इतकं पोटतिडकीने धीरज आयुष्यात बोलला नव्हता. शेठ, लोक हसतील. शेठ, मासा बोलत नाही. शेठ, मासा बोलला तरी समुद्राबाहेर त्याला श्वास कुठून यायचा. शेठ ढिम्म. हेतल बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "धीरज, हे लिहिताना तुला बरं नव्हतं का?" तिला तो खरं सांगू शकला असता. पण ते शेठांच्या कानावर गेलं असतं, आणि ज्या माणसाने आपला बाप त्या माशात बघितला, त्याला हा मासा फेकून देण्यासाठीच लिहिला होता असं कोणत्या तोंडाने सांगणार? हेतलने मात्र आईच्या सीनसाठी किल्ला लढवला. शेठांचं उत्तर ठरलेलं होतं, "शिंगाळा गेला तर मीपण गेलो."

पुढचं संकट निराळंच निघालं. शिंगाळ्याने बोलायचं काय? धीरजने समुद्राचं तत्त्वज्ञान लिहून नेलं. शेठांनी मान हलवली. क्षमा आणि प्रायश्चित्तावर पानभर लिहून नेलं. शेठ वैतागले आणि थेट घरच्या बोलीत उतरले. "माजा बाप असा नाय बोलायचा."

"मग कसं बोलायचे?"

"तेच तर म्हायती नाय. बोललेच नाय ना."

धीरजकडे दुसरं काही उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर उरलं होतं, पण ते त्याच्या आईचं होतं. त्याने तिथेच टेबलावर एका चलनाच्या पाठीवर ते लिहिलं. शेठांनी वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मारुतीला सांगितलं की आजच्या गाड्या उद्या भरा. धीरज बाहेर पडला तेव्हा त्याला चोरी करून आल्यासारखं वाटत होतं.

शिंगाळा शूटिंगसाठी मुंबईहून टेम्पोतून दांडीला आला. रबराचा होता, मिशा नायलॉनच्या होत्या, आणि डोळ्यांत भाव हवेत म्हणून कुणीतरी त्याला पापण्या लावल्या होत्या. दांडीच्या मांजरांनी एकदा हुंगून तोंड फिरवलं. एक पापणी अडकली, त्यामुळे उपदेश करता करता बाप मुलाला डोळा मारायला लागला. हेतल डोकं धरून वाळूत बसली. पुष्पलता रोज नवं लुगडं नेसून शूटिंगला यायची आणि विचारायची, "मला कोन करते?"

"तुझा सीन नंतर आहे," धीरज म्हणायचा, आणि कॅमेऱ्यामागे काही काम काढायचा. शूटिंग संपलं तरी तेच सांगत राहिला.

पहिला खेळ बोईसरला दुपारी लागला. कुंदनशेठांनी सगळं थिएटर घेतलं होतं, अर्धं कारखान्यासाठी आणि अर्धं दांडीसाठी. पडद्यावर धीरजचं नाव आलं तेव्हा दमयंतीने टाळ्या वाजवल्या. आईने पदर सारखा केला आणि ती वाट बघत बसली. धीरज तिच्या शेजारी अंग चोरून बसला होता. आता उठून पळावं की शेवटी पळावं, एवढाच प्रश्न होता.

जाळं वर आलं, शिंगाळ्याने मिशा हलवल्या आणि थिएटर खदखदून हसलं. कारखान्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग शिंगाळा बोलला. "परत आलास का? आदी जेव, पोरा. हरलास का जिंकलास, ते मंग सांग."

दांडीच्या बाया आधी गप्प झाल्या. दमयंती अंधारात वळून पुष्पलतेकडे बघायला लागली, मग तिच्या पलीकडची, मग सगळी रांग. दमयंतीचा नवरा होडी बुडवून आला त्या दिवशी पुष्पलताच भाताचं पातेलं घेऊन गेली होती. हे शब्द कुणाचे ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. शिट्ट्या विरल्या. पुढच्या रांगेत कुंदनशेठ हुंदके देऊन रडत होते आणि मारुती त्यांना विचारत होता, "शेठ, पानी?"

आई पडद्याकडे बघत राहिली. परतताना रिक्षात ती एक शब्दही बोलली नाही. धीरजला कुंदनशेठांचे बाबा आठवले.

घरी आल्यावर ती सरळ चुलीकडे गेली. तो दारातच उभा राहिला.

"आई, तुझा सीन कापला," तो म्हणाला. "मला वाचवता आला नाही. तुझं बोलणं मी त्या माशाला देऊन टाकलं, आणि तुला सांगायची हिंमत…"

"आदी जेव."

तिने ताट मांडलं. भात वाढला, वर कालवण घातलं, आणि मधोमध शिंगाळ्याचा जाडजूड तुकडा ठेवला. धीरज त्या तुकड्याकडे बघत बसला.

"खा," आई म्हणाली. "ह्यो काय बोलायचा नाय."