राजसबाईंचा पहारा

"दिवसाला कॉफी किती होते?" डॉक्टर चंद्रिकांनी विचारलं.

सातव्या महिन्यातली कुमुदिनी तीन आठवडे डोळ्याला डोळा न लागल्याने समोर पेंगुळून बसली होती. उत्तर तिच्या घरमालकिणीने, राजसबाईंनीच अभिमानाने दिलं, "सहा टंबलर! पोरीस निज येत नाही, पापम्, बिचारी दिवसभर मरगळते. म्हणून मीच देते."

म्हणजे दुखणंही घरचं आणि वैद्यही घरचाच! डॉक्टरांनी कसंबसं हसू आवरलं. "औषध नको. दुपारनंतर कॉफी बंद. डाव्या कुशीवर निजायचं, गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची."

तंजावर सोडून मद्रासला येऊन राजसबाईंना चाळीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या कॉफीला नावं ठेवणारा अजून जन्मायचा होता. घरी आल्यावर मात्र त्यांनी फिल्टर घासूनपुसून माळ्यावर टाकला. पोरीला वाससुद्धा नको, म्हणून स्वतःचीही कॉफी सोडली. तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं असं ठणकू लागलं, की दूधवाल्याला विनाकारण बोलणी बसली आणि कुमुदिनीचा नवरा विद्याधर चपला हातात घेऊन त्यांच्या समोरून कचेरीत जाऊ लागला.

कुमुदिनी तरीही जागीच.

"आता कायला जागतेस ग?" त्या दुपारी राजसबाई कावल्या. "माझी कापी गेली, डोस्कं गेलं, तुझी निज कुठं की?"

कुमुदिनी हसली आणि हसता हसता रडू लागली. "मागच्या खेपेला मी दुपारी गाढ झोपले होते, अक्का. उठले तर बाळ हलायचं थांबलं होतं. आता झोपायची भीती वाटते. कोणीतरी लक्ष ठेवायला नको का?"

राजसबाईंना भडभडून आलं. निम्मा गुन्हा कॉफीचा नव्हताच तर! पण तो वाद त्यांनी बाळंतपणानंतर काढायचं ठरवलं.

"सेरी, बरं. तू निज. मी राखते." त्यांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांत उशी सारली आणि पोटावर हात ठेवून त्या शेजारी मांडी घालून बसल्या.

संध्याकाळी विद्याधर आला तेव्हा कुमुदिनी चक्क घोरत होती.

"हळू," राजसबाई कुजबुजल्या. "आत्ताच लाथ मारलं."

त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. डोकेदुखीची दया येऊन शेजारच्या कृष्णवेणीने कॉफीचा टंबलर उंबऱ्याशी आणून ठेवला होता. त्यावर केव्हाच साय धरली होती. तो घ्यायचा तर पोटावरचा हात उचलावा लागला असता.