दोघांपुरती ताडपत्री

"अहो हिराबायाशीसान, एवढी ताडपत्री? रिटायर होऊनही ऑफिसने जुंपलं की काय?"

सकाळचे सहा वाजले होते. फुलांनी डवरलेल्या थोरल्या चेरीच्या झाडाखाली ते वीस माणसांची निळी ताडपत्री पसरत होते. एकतीस वर्षं हेच काम. बहर आला की ऑफिसची मंडळी संध्याकाळी फुलांखाली साके प्यायला येणार, आणि यांनी पहाटेपासून जागा धरायची. मी या बागेचा राखणदार, म्हणून आमची ओळख.

"सवय मेली!" ते ओशाळले. "यंदा दोघंच. बायकोला इथं कधी आणलंच नाही. रिटायर झालो की नक्की, असं दरवर्षी सांगायचो."

त्यांनी ताडपत्री घडी घालत घालत दोघांपुरती केली. बूट काढून कडेला ठेवले. डब्याची दोन गाठोडी समोरासमोर मांडली.

दुपारपर्यंत बाग माणसांनी फुलून गेली. रिकामी जागा अडवून ठेवायची नाही, हा आमचा यंदापासूनचा नियम. मी त्यांच्याकडे गेलो.

"वहिनींचं नटणं अजून आटपलं नाही वाटतं?"

त्यांनी हसून समोरच्या गाठोड्याची गाठ नीट केली. माझ्या जिभेला हाड नाही, हे खरं.

तेवढ्यात काठी टेकत एक आजी आल्या. "इथं कुणी बसलंय का?"

"माफ करा, माणूस यायचंय," हिराबायाशीसान म्हणाले. एकतीस वर्षांचं पाठ वाक्य ते. आजी वाकून नमस्कार करून वळल्या. चार पावलं गेल्या असतील.

"आजी!" त्यांनी हाक मारली. "या, बसा. कुणी यायचं नाही. माझी बायको फेब्रुवारीत गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजी बूट काढून बसल्या. हिराबायाशीसाननी दुसरं गाठोडं आजींपुढे सरकवलं. मग ते गुडघ्यांवर पुढे झाले आणि आजींचे बूट उचलून टोकं बाहेर करून ठेवले, निघताना सरळ पाय घालता यावेत म्हणून.

"घरी ती माझे असे ठेवायची," ते म्हणाले. "रोज."

त्यांचे स्वतःचे बूट सकाळी काढले तसेच होते, टोकं आत. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आजी त्यांच्याशी बोलू लागल्या तेव्हा मी खाली वाकलो आणि ते वळवून ठेवले.