केलेचेनींचा काळा झेंडा

टेनर मरत नसतो. तो फक्त पडद्याआड जातो आणि प्रेक्षकांनी हाक मारली की परत येतो, असं वरच्या पट्टीचे गायक केलेचेनी तिवादार आयुष्यभर सांगत आले. मंगळवारी दुपारी रेडिओने ते वारल्याची बातमी दिली, तेव्हा ते स्वयंपाकघरात दुधात पाव बुडवून खात होते. कवळी दुरुस्तीला गेली होती.

सगळा घोळ त्या कवळीनेच केला. केलेचेनी रोज सकाळी शहराच्या बुडा भागातल्या गरम पाण्याच्या हमामात जात, छातीभर पाण्यात बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांशेजारी उभे राहत आणि घुमटाखाली एक वरचा सूर लावत. त्या सुरावर लोक घड्याळं लावतात, असं ते सांगत. त्या सुराने प्यादी पडतात, असं म्हातारे सांगत. आता बोळकं घेऊन चारचौघांत जायचं हे ऑपेरेटासारख्या संगीत नाटकांच्या नायकाला शोभणारं नव्हतं, म्हणून ते काही दिवस घरीच बसले. तेव्हा हमामात एकजण म्हणाला, "केलेचेनी दिसत नाही." दुसरा म्हणाला, "वयही झालं होतं." तिसरा म्हणाला, "शेवटी शेवटी सूर जरा कापरा लागायचा, नाही?" मग काही शंकाच उरली नाही. चौथ्याने अंग पुसलं आणि केलेचेनी जिथे गायचे त्या ऑर्गोना थिएटरला फोन केला.

थिएटरनेही चौकशीत वेळ घालवला नाही. मागच्या वर्षी विनोदी नट हेवेशी गेला, तेव्हा काळा झेंडा लावायला उशीर झाला आणि वर्तमानपत्रांनी संचालकांची सालटी काढली. या वेळी संचालकांनी ठरवलं होतं की उशीर झालाच तर तो मरणाऱ्याकडून होईल, आपल्याकडून नाही.

"दिवंगत कलावंताला," रेडिओ पुढे म्हणाला, "ऑर्गोना थिएटरने आपला मृत मानले आहे."

केलेचेनींचा पाव दुधात बुडाला.

या एका वाक्यासाठी ते म्हातारपणभर झुरत होते. थिएटरने आपला मृत मानलं की दर्शनी भिंतीवर काळा झेंडा, अंत्ययात्रा थिएटरची, कबरीपाशी संचालकांचं भाषण. हेवेशीला हे सगळं मिळालं होतं. त्या हेवेशीला, ज्याची सगळी कला पाटलोण घसरण्यात होती! केलेचेनी स्वतःसाठी विचारायला गेले की संचालक म्हणत, "कलावंतसाहेब, आधी शंभर वर्षं जगा, मग बघू." खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन भरात असताना केलेचेनी ऑर्गोनाला टांग देऊन दोन हंगाम व्हिएन्नात गाऊन आले होते. व्हिएन्ना त्यांना महिन्याभरात विसरली. ऑर्गोना मात्र विसरलं नाही.

शहाण्या माणसाने अशा वेळी फोन उचलून "मी जिवंत आहे" म्हटलं असतं. केलेचेनींनी दाढी केली, नाकापर्यंत मफलर गुंडाळला आणि ट्राम पकडली.

झेंडा होता. चांगला लांबरुंद होता, हेवेशीच्या झेंड्यापेक्षा हातभर मोठाच, असं त्यांना वाटलं. खाली त्यांचा तरुणपणीचा फोटो, मेणबत्त्या, आणि टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बायकांची ही गर्दी. ते तिच्यात मिसळले.

"काय देखणा होता हो!" एक म्हणाली. "मी दुसऱ्या रांगेत बसायचे. गाता गाता मलाच डोळा घालायचा."

"तुला कुठला? मला घालायचा. मी वर, बाल्कनीत."

"अगं, तो तिरळा होता," तिसरी म्हणाली. "म्हणून प्रत्येकीला तसं वाटायचं."

केलेचेनींनी हेही पचवलं. मेलेल्या माणसाचं मन मोठं असतं. त्यांनी तिथेच ठरवून टाकलं की आपण मेलेलेच राहायचं. हमाम सोडायचा, दारावरची पाटी काढायची. एकदा जिवंत झालो की हा झेंडा उतरणार, आणि पुन्हा चढेल याचा भरवसा कोणी द्यावा?

तेवढ्यात कर्ण्यावर गाणं लागलं. 'लायलॅक फुलता परत ये.' त्यांचंच गाणं, त्यांच्याच ऑपेरेटातलं. बायकांनी रुमाल काढले.

गात होता बारांदी. केलेचेनी व्हिएन्नाला गेले, तेव्हा त्यांच्या जागी उभा केलेला बारांदी! थिएटरात कोणीतरी हाताला लागली ती तबकडी लावली होती.

"हाच तो आवाज!" बाल्कनीवाली हुंदका देत म्हणाली.

"हा बारांदी आहे," केलेचेनी मफलरमधून म्हणाले.

"श्श!"

"बारांदी आहे हो हा! वरचा सूर बघा कसा जिना चढल्यासारखा चढतोय. धापा ऐकू येताहेत!"

"म्हातारबा, मेलेल्याचा तरी मान ठेवा."

गाणं संपलं. जमावाने आधी विस्कळीत, मग एका ठेक्यात टाळ्या धरल्या, पुन्हा पुन्हा गायला लावणारी ती टाळी. केलेचेनींचं सगळं आयुष्य या टाळीवर पोसलेलं होतं. आणि ती बारांदीला मिळत होती. ते मेणबत्त्यांपुढे गेले, मफलर ओढून काढला आणि गायले.

सूर लागला. अगदी नेमका लागला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण शब्द बिनदातांच्या तोंडातून शिट्ट्यांसारखे आणि थुंकीसकट बाहेर पडले.

"लाज नाही वाटत? गेलेल्या माणसाची नक्कल करतोस?" दुसऱ्या रांगेवालीने छत्री उगारली.

"बाई, मीच केलेचेनी!"

"हो का? मग मी ऑस्ट्रियाची महाराणी!"

छत्री पाठीत बसली. दुसरी बसण्याआधी थिएटरचा दरवान वेंत्सेल धावत आला आणि त्यांना आपल्या खोलीत ओढून घेऊन गेला. त्याने त्यांना ओळखलं होतं. त्यांच्या तोंडाला तोंड देण्यात त्याची नोकरी सरली होती.

संचालक खाली आले. आधी पांढरे पडले, मग खुर्चीत बसले, मग रागावले.

"कलावंतसाहेब, हे काय केलंत?"

"मी? मेलो तुमच्या हुकमाने!"

"मग गप्प तरी राहायचं. सगळं कसं छान चाललं होतं."

"बारांदी लावलात तुम्ही!"

"कोणाला कळलं असतं?"

"मला!"

संचालकांनी सुस्कारा टाकला. "आपला मृत मानायचा, तर तो मृत असावा लागतो. वेंत्सेल, झेंडा उतरव."

"आणि मी खरंच जाईन तेव्हा?" केलेचेनींचा आवाज अचानक लहान झाला. "तेव्हा लावाल ना?"

"एकाच माणसासाठी दोनदा?" संचालक उठले. "लोक हसतील हो. आणि रडायचं तेवढं आज रडून झालंय त्यांचं."

ते जिना चढून गेले. बाहेरची गर्दी पांगली. वेंत्सेलने कोपऱ्यातली शिडी खांद्यावर घेतली आणि दारात थबकला. त्याला काहीतरी बरं बोलायचं होतं, हे दिसत होतं.

"कलावंतसाहेब," तो म्हणाला, "शिडी फार डगमगते. जरा धरता का?"