कुंकू लावलेली फरशी

मित्रांनो, मी टंगस्टनची एक चौकोनी फरशी आहे, तुमच्या तळहातावर मावेल एवढी. जुनी म्हणावे इतके माझे वय नाही. पण माझा चेहरा वितळलेला आहे आणि पाठ सुटली आहे, म्हणून मला नवीही कोणी म्हणत नाही.

माझा जन्म सुरतेजवळच्या इच्छापोर इथल्या एका छोट्या कारखान्यात झाला. सूर्याच्या पोटात ऊर्जा तयार होते, तशी पृथ्वीवर तयार करणारी यंत्रे माणसे बांधू पाहत आहेत. त्यांत वायू इतका तापवतात की त्याचे अणूही अखंड राहत नाहीत. त्याला प्लाझ्मा म्हणतात. चुंबकांच्या जोरावर तो मधोमध अधांतरी धरून ठेवतात, तरी त्याची धग आणि कणांचा मारा भिंतीपर्यंत पोहोचतोच. त्या भिंतीत बसायचे, हे माझे काम.

टंगस्टन सहजासहजी वितळत नाही. पण एकट्या टंगस्टनने भागत नाही. माझ्या पाठीला तांब्याचा ठोकळा जोडलेला असतो आणि त्यातून पाणी वाहते. धग मी झेलायची, तांब्याने ती पाण्याला द्यायची. सगळा भरवसा आमच्यामधल्या जोडावर.

तो जोड दसऱ्याच्या आदल्या दिवशी निर्वात भट्टीत झाला. अशी भट्टी सावकाश निवू द्यावी लागते. दार लवकर उघडले तर तांबे झपाट्याने आकसते, टंगस्टन तेवढे आकसत नाही, आणि जोडावर ताण येतो.

दसऱ्याच्या सकाळी यंत्रांची पूजा मांडली होती. झेंडूची तोरणे लागली होती. ही पहिलीवहिली फरशी पूजेत ठेवायची, असे मालकांच्या मनात होते.

"मुकुंदभाई, जल्दी करो, मुहूर्त निकळी जशे," शेठ दारातून ओरडले.

प्राजक्ता ही तरुण इंजिनीअर भट्टीचा काटा बघत होती. "सर, अजून निवली नाही. दुपारी काढू."

"दुपारी काय, रावण जाळायला न्यायचीय का हिला?" सुपरवायझर मुकुंदराव हसले. "हातमोजे घाल आणि काढ."

दार उघडले. हवा आत घुसली. माझ्या पाठीत बारीकसा आवाज झाला. बाहेर आरती सुरू झाली होती. तो कोणालाच ऐकू गेला नाही.

कमलताई आमच्याकडे तयार भाग धुण्यापुसण्याचे काम करत. मूळच्या खानदेशातल्या, राहायला सुरतेच्या डिंडोलीत. आरती संपेपर्यंत मी बोट लावण्याइतकी निवले, तेव्हा मुकुंदरावांनी कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढे केला. "ताई, तुम्ही लावा. सवाष्णीचा हात."

"ऱ्हाऊ द्या भाऊ. मंग पुसानं कामबी मनाच माथे येई," त्या म्हणाल्या, पण बोट बुडवून माझ्या चेहऱ्यावर टिळा लावला. कोणीतरी फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, फडक्यावर रंगाचा डाग उमटेनासा होईपर्यंत पुसले. त्यानंतर माझा जोड यंत्रावर तपासायचा होता. दिवाळीच्या घाईत तेवढे राहून गेले.

ती यंत्रे बांधणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत माझ्यावर प्लाझ्मा सोडला. सुरुवातीला मी तग धरला. धग आत घेतली, मागे दिली. पण एका कोपऱ्यात जोड सुटलेला होता. तिथली धग पुढे जाईना. तो कोपरा लाल झाला, मग पांढरा झाला, मग वितळला. कारखान्याला मिळायचे पुढचे काम त्या चाचणीवर ठरायचे होते. ते गेले.

मला परत आणून ऑफिसच्या टेबलावर ठेवले. शेठना कारण हवे होते. मुकुंदरावांनी मोबाइल पुढे केला. "हे बघा, कुंकू. तेलातलं. कितीही पुसा, राहतंच. त्यानंच वितळली ही."

कमलताई उंबऱ्यात उभ्या होत्या. "भाऊ, तुम्हीनच सांगं व्हतं ना? आनि मी पुशेल शे, चांगलं पुशेल शे."

मुकुंदरावांनी बोटांनी फोटो आणखी मोठा केला.

प्राजक्ता हळूच म्हणाली, "सर, कापून बघू या का? हिऱ्याच्या धारेची करवत आहे शेजारीच."

"कशाला? फोटो आहे ना. का भट्टी कोणी उघडली तेही सांगायचंय तुला?"

हातमोजे प्राजक्ताने घातले होते. तिने मला उचलून आपल्या खणात ठेवले. त्याच संध्याकाळी कमलताईंचा डबा आणि चपला कारखान्यातून गेल्या.

आता त्या घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात. औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यांत त्यांनी काम मागून पाहिले. फाटकावरच विचारतात, "ती कुंकूवाली का तुम्ही?" मी प्राजक्ताच्या खणात आहे. ती कधीकधी खण उघडते, मला मऊ कापडात नीट गुंडाळते आणि पुन्हा बंद करते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या जतनासाठी विनवण्या करतात. मी करणार नाही. कुंकू माझ्या चेहऱ्यावर होते. भेग पाठीत आहे. गरम तांब्याला हवा लागली की ते काळे पडते, आणि भेगेच्या दोन्ही काठांवर तो काळा थर तसाच बसून आहे. चाचणी निर्वातात झाली, म्हणजे ती हवा भट्टीच्या दारातूनच आली. करवत चालवली तर तो शाळकरी पोरालाही दिसेल. तुम्ही मोठे व्हाल, अशाच कारखान्यांत बसाल. तुमच्यासमोर एखादी वस्तू मोडून येईल आणि एखादे माणूस उंबऱ्यात उभे असेल. आधी वस्तू उघडा. आणि तुमच्यापैकी कोणी कधी इच्छापोरला आलात, तर त्या खणातून मला बाहेर काढा. मऊ कापड बाजूला टाका आणि वितळलेल्या कोपऱ्यातून मला आरपार कापा.