तळ्याकडची खुर्ची

बुधवारी दुपारी अडीच वाजता बोलणी थांबली. सगळं अडलं ते एका खुर्चीवर.

राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार, मध्ये सूत्रसंचालक, शुक्रवारी संध्याकाळी थेट प्रक्षेपण. एवढं ठरवण्यासाठी कोलंबोतल्या एका वाहिनीच्या दुसऱ्या मजल्यावर तीन माणसं रोज बसत होती. पियरत्न उडवत्त यांच्या बाजूने त्यांची भाची हेमाली. मंत्री उपाली मोल्लिगोड यांच्या बाजूने नंदसेन वीरक्कोडी. हे एकेकाळी रेडिओवर बातम्या वाचायचे आणि अजूनही साखर मागताना बातमी दिल्यासारखी मागायचे. तिसरा वाहिनीचा निर्माता, फरहान मरिक्कार. त्याला कोण निवडून येतं याच्याशी घेणंदेणं नव्हतं, कार्यक्रम वेळेवर सुरू झाला की पुरे.

खोलीची खिडकी बेरा तळ्यावर उघडायची. जेवणानंतरच्या त्या वेळी तळं अजिबात हलत नसे. दिव्याच्या खांबांवर पाणकोळी चोची छातीत खुपसून बसलेले असत, पंखा फिरत राही, आणि कुणी झोपेत बोलावं तशी बोलणी पुढे सरकत. उत्तराला दोन मिनिटं की दीड. समोरचं घड्याळ उमेदवाराला दिसावं की नाही. पत्रकारांनी रंगमंचासमोर बसायचं की शेजारच्या दालनात पडद्यावर बघायचं. मध्येच बिनदुधाचा चहा आणि गुळाचे खडे येत, आणि आपण कुठल्या मुद्द्यावर होतो हे तिघंही काही क्षण विसरून जात.

कानात यंत्र लावायचं नाही, हे कलम सगळ्यात आधी मंजूर झालं होतं. ते हेमालीनेच लावून धरलं होतं. मोल्लिगोड यांना कुणीतरी कानात उत्तरं सांगतं अशी शहरात कुजबुज होती. नंदसेन यांना ते झोंबलं होतं, पण सही झाली.

त्यानंतरच्या रविवारी नुगेगोड उपनगरातल्या घरी मामांची रंगीत तालीम झाली. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. हेमाली सूत्रसंचालक होऊन मामांच्या डावीकडे बसली.

"शेतकऱ्यांना खताचं अनुदान कधी मिळणार?"

मामा तिच्याकडे पाहून हसले. मान डोलावली. "तुमचं म्हणणं मी समजू शकतो," ते म्हणाले.

"म्हणणं नाही मामा, प्रश्न आहे."

"अगदी खरं आहे."

चहा घेऊन आलेला ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. हेमाली हसली नाही. ती कागद चाळल्यासारखं करत, खाली मान घालून हळूच म्हणाली, "मामा, तुमचा सदरा उलटा आहे." मामा शांतपणे अंगणातल्या चाफ्याकडे बघत राहिले. मग ती उठून दुसऱ्या बाजूला गेली आणि तेच वाक्य तेवढ्याच हळू म्हणाली.

"नाही, सरळच आहे," मामा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कळलं वाटतं तुला."

ड्रायव्हरला आत पाठवल्यावर ते बोलले. गेल्या वर्षीच्या तापात डावा कान गेला होता. श्रवणयंत्राचाही त्या बाजूला उपयोग नव्हता. डॉक्टरला ठाऊक होतं, आणि आता तिला.

"डाव्या बाजूला तळं आहे असं समज," मामा म्हणाले. "आमच्या गावच्या तळ्यात बुडी मारली की काठावरची माणसं हातवारे करताना दिसायची. ओरडतायत हे कळायचं, पण आवाज पाण्याचाच. तसं ते. वाईट नाही गं. सभा फार लांबली की मी मुद्दाम ती बाजू करून बसतो."

"मामा, कोलंबो ते अनुराधपुर प्रत्येक भिंतीवर आपलं पोस्टर आहे. काय लिहिलंय त्यावर?"

"उडवत्त ऐकतात," मामा म्हणाले.

"आणि हे बाहेर आलं तर?"

मामांनी उत्तर दिलं नाही. खरंच ऐकू आलं नाही की काय, हे तिला कळेना. ती त्यांच्या उजवीकडेच बसली होती.

चांगल्या कानात वाहिनीचा आवाज सोडता आला असता तर प्रश्न मिटला असता. तो रस्ता तिनेच बंद केला होता. आता उरली खुर्ची. रंगमंचावरच्या उमेदवारांच्या दोन खुर्च्यांना सगळे रस्त्याकडची आणि तळ्याकडची म्हणत. तळ्याकडच्या खुर्चीत बसलं की डाव्या हाताला फक्त भिंत आणि भिंतीपलीकडे पाणी. सूत्रसंचालक, प्रतिस्पर्धी, सगळे उजवीकडे. रस्त्याकडची मिळाली तर सगळा देश मामांच्या पाण्याखालच्या बाजूने बोलणार होता.

मंगळवारी तिने ती खुर्ची मागितली.

"का गं पोरी?" नंदसेन यांनी विचारलं.

"बरी वाटते."

"बरी वाटते की कुणी सांगितलंय?" ते पुढे वाकले. "ज्योतिषी?"

हेमालीने चहाचा घोट घेतला. नाही म्हणाली नाही. नंदसेन यांनी मान हलवली, जणू उत्तर मिळालं.

मग तिने किंमत मोजली. समारोपाचं भाषण शेवटी करण्याचा मान मोल्लिगोड यांना दिला. पत्रकार शेजारच्या दालनात असावेत हा आपला आग्रह सोडला; ते रंगमंचासमोर बसतील आणि नंतर थेट प्रश्नही विचारतील. नंदसेन यांनी सगळं घेतलं आणि सांगितलं, खुर्चीचं सरांना विचारून उद्या कळवतो.

बुधवारी अडीचला त्यांनी कळवलं. "तीच खुर्ची आमच्या ज्योतिष्यालाही हवी आहे. डाव्या हाताला पाणी असलं की आमच्या सरांच्या वाणीला जोर येतो म्हणतो."

"हे त्यांना कधी कळलं?"

"काल रात्री. तू इतकं देऊ केलंस तेव्हा आम्ही म्हटलं, बघा तरी एकदा पत्रिका."

"मग नाणं टाकू," मरिक्कार म्हणाला.

दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या.

"बरोबर. नाण्यालाही मुहूर्त लागेल," तो म्हणाला आणि पंख्याकडे बघत बसला. "दोन्ही खुर्च्या तळ्याकडे मांडू का? एकाच्या मांडीवर दुसरा."

गुरुवारी दुपारी हेमालीने नंदसेन यांना तळ्याकाठी गाठलं. ते बाकावर बसून मासे भरलेला पाव खात होते आणि एक पाणकोळी त्यांच्याकडे, म्हणजे पावाकडे, बघत होता. ऊन इतकं सपाट पडलं होतं की पलीकडच्या इमारती पाण्यातच उभ्या आहेत आणि वर दिसतंय ते त्यांचं प्रतिबिंब, असं वाटावं.

"अंकल, ज्योतिषी नाहीये," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी ज्योतिषी नाही."

"मग?"

तिने सांगितलं. नंदसेन यांनी पाव कागदात गुंडाळला.

"कुठला कान?"

"डावा."

"पार?"

"पार."

"मंगळवारी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बुधवारच्या पेपरात छापून आणलं असतंत."

"आणलं असतं," ते म्हणाले. "मंगळवारी आणलं असतं."

"आणि आज?"

"आज छापून काय करू? बहिऱ्या माणसाची खुर्ची आम्ही पळवली, असं छापू?" त्यांनी रुमालाने बोटं पुसली. "पण द्यायची कशी ते सांग. त्या खुर्चीत बसलो नाही तर निवडणूक गेली, असं आमच्या सरांच्या डोक्यात बसलंय. मी त्यांना काय सांगून उठवू? खोटं सांगितलं तर ज्योतिषी माझ्यापेक्षा चांगलं खोटं सांगतो. खरं सांगितलं तर सर उठतील, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्यांच्या न्हाव्याला कळेल, दुपारी देशाला."

"मग कानात यंत्र चालेल म्हणा. दोघांनाही. मी कलम मागे घेते."

"ते कलम सरांनी अपमान गिळून मान्य केलंय. आता तूच मागे घेतेस तर का, हे विचारतीलच ना. फिरून तिथेच." ते उठले. "ज्योतिष्याला मध्ये आणायला नको होतंस पोरी."

"मी नाही आणलं. तुम्ही विचारलंत. मी चहा प्यायले."

"तेच म्हणतोय मी."

मोल्लिगोड यांना सांगायचं की नाही ते मी ठरवतो, एवढं म्हणून ते गेले. जाताना त्यांनी वचन दिलं नाही आणि तिने मागितलं नाही. पाव बाकावर राहिला, तो पाणकोळ्याने कागदासकट नेला.

संध्याकाळी तिने मामांना सांगितलं की शत्रूच्या माणसाला आता ठाऊक आहे. ते रागावतील असं तिला वाटलं होतं.

"भला माणूस आहे," मामा म्हणाले. "रेडिओवर त्याचा आवाज फार स्वच्छ यायचा."

"रस्त्याकडची खुर्ची आली तर काय कराल?"

"हसेन. मान डोलावेन. गेली कित्येक वर्षं लोकांना माझ्याकडून बहुतेक तेवढंच हवं असतं."

"तिथे सूत्रसंचालक विचारेल, तुम्ही चोर आहात का."

"मग मात्र पंचाईत आहे," मामा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी दोघं हसले. हसू थांबल्यावर मामांनी तिचा हात धरून तिला आपल्या उजव्या बाजूला बसवलं आणि म्हणाले, "बोल काहीतरी. कशाबद्दलही बोल." ती खताच्या अनुदानाबद्दल बोलत राहिली. मामा डोळे मिटून ऐकत होते.

शुक्रवारी उजेड असतानाच दोन्ही उमेदवार वाहिनीवर पोचले. मोल्लिगोड यांच्याबरोबर त्यांचे ज्योतिषीही आले. मरिक्कारने नावाच्या पाट्या कोटाच्या खिशात ठेवल्या होत्या आणि कुणी विचारलं की तो खिसा दाबून धरायचा. "मिस, मला कुणीतरी सांगा," तो हेमालीला दोनदा म्हणाला. "माझे दिवे दोन्हीकडे लावून झालेत. मला काही फरक पडत नाही. फक्त सांगा."

ती सांगू शकत नव्हती. मामांच्या चेहऱ्यावर पावडर लावणारी मुलगी त्यांच्या डावीकडून काहीतरी विचारत होती आणि ते आरशात तिच्या ओठांकडे बघून हो म्हणत होते.

कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना नंदसेन मरिक्कारजवळ आले, म्हणाले, "पाच मिनिटं दे," आणि हेमालीकडे वळून, "आता न्हावी गाठायला वेळ नाही," असं म्हणत मोल्लिगोड यांच्या खोलीत गेले. दार त्यांनी आतून लावून घेतलं. ज्योतिषी बाहेर बाकावर बसून होते. त्यांनी एकदा उठून दार वाजवलं. नंदसेन यांनी फटीतून त्यांना हाताने थांबायची खूण केली आणि दार पुन्हा लावलं.

पत्रकार ठरल्याप्रमाणे रंगमंचासमोर बसले होते. सूत्रसंचालक मधल्या खुर्चीत येऊन बसला होता. पाच मिनिटं होऊन गेली तरी ते दार उघडलं नव्हतं.