वरची आणि आतला

खात्यात तिला सगळे 'वरची' म्हणत आणि त्याला 'आतला'. कारण साधं होतं. मऊ स्पंजावरून वाहणाऱ्या पाण्याचं गणित तिचं, त्याच्या छिद्रांतून मुरणाऱ्या पाण्याचं त्याचं. पाणी जोरात आलं की स्पंज दबतो, छिद्रं आवळतात, आत पाणी कमी शिरतं आणि वरच्या प्रवाहाचा नूर पालटतो. त्यामुळे एकाला सोडून दुसऱ्याचं गणित सुटत नसे. ती पृष्ठभागावरचा दाब काढून त्याला सांगायची. त्या दाबानं स्पंज किती खचला ते तो सांगायचा. मग तिचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. आकडे बदलायचे थांबेपर्यंत हे चाले. संगणकावर सोपवता आलं असतं, पण नव्या प्रश्नाच्या फेऱ्या तोंडीच करायच्या, चूक आधी कानाला कळते, असा दोघांचा हट्ट.

तो नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेला, तरी फेऱ्या फोनवर चालू राहिल्या. दिवसभरात तिच्याशी बोलणारं तेवढंच माणूस. आई गेल्यापासून घरचा फोन वाजलाच तर बँकेचा.

मग त्यानं एक प्रोग्राम पाठवला. दोघांची समीकरणं एकदम सोडवणारा, फेऱ्याही आपल्या आपणच करणारा. सोबत एक ओळ होती: 'आता माझ्यासाठी खोळंबून राहू नकोस.'

तिनं तो चालवला. पहिल्याच दमात उत्तर जुळलं, पडद्यावर हिरवी पट्टी आली.  मग तिनं त्याला फोन लावला.

"जुळत नाहीये रे."

"काय सांगतेस! दर फेरीतला फरक वाच बघू."

ती वाचू लागली. सावकाश, एकेक आकडा सुटा करून.

"थांब, थांब," तो हसला. "फरक दर वेळी दहापटीनं घटतोय. याला जुळत नाही म्हणतात? अहो वरच्या बाई, चष्मा बदला!"

"हं."

"तब्येत बरी आहे ना? हे तुला कळलं नाही?"

थाप मारणं तिला कधी जमलंच नव्हतं. "हिरवी पट्टी आली होती," ती म्हणाली.

"मग फोन कशाला केलास?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच उमगत नव्हतं.

"सहज."

"सहज? इतक्या वर्षांत तू सहज एकदाही केला नाहीस." तो घुटमळला. तिकडून मुलीची हाक आली: "बाबा, उशीर होतोय!"

"हिला पोहायला सोडायचंय गं. करतो मी फोन."

"कर."

कधी, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पट्टी अजून पडद्यावर होती. तिनं उत्तर जपून ठेवलं, या कामावरच्या शोधलेखावर दोघांची नावं घातली, आणि आधी त्याचं घातलं.