दाजींच्या पोटावर टेप उडाली

शिंप्याचं आणि त्याच्या दाजींचं अकरा वर्षं वाकडं. तरी दाजी वर्षातून दोनदा दुकानात यायचेच. पँट शिवायला कमी, खोड काढायला जास्त.

आज ट्रायल होती. आपली पँट खुंटीला टांगून, अर्धवट शिवलेली नवी चढवून दाजी आरशासमोर उभे.

"बेंबीच्या वर माप घे. मागच्या वेळी झोळी शिवली होतीस."

शिंप्याने दात आवळून टेप लावली. टेप उडाली. दाजींनी श्वास रोखून धरलेला, तरी टेप नाडीसारखी ठकठक उडत होती.

"दाजी, पोटात काहीतरी उडतंय."

"भूक लागली असेल. आकडा लिही."

गेल्या वर्षी शिंप्याच्या पायातली रक्तवाहिनी तुंबली, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पोटाचीही सोनोग्राफी केली होती. त्याचं पोट ठीक निघालं. दाजींची तर हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली, आणि शर्टाच्या खिशात अजून सिगारेटचं पाकीट.

"हृदयाची, पायाची वाहिनी तुंबते ना, त्या माणसाची पोटातली मोठी वाहिनी फुगायचा धोका जास्त असतो. डॉक्टर म्हणाले."

"तुंबलेली फुगते कशी? अक्कल गहाण टाकलीस?"

"मला काय ठाऊक! भिंत खराब होते म्हणे. फुटली तर हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळत नाही."

"माझ्या मरणाची घाई झालीय तुला. पँट दे माझी!"

शिंप्याने खुंटीवरची पँट काढली आणि काखेत दाबली.

"देत नाही. समोर सोनोग्राफी सेंटर आहे. जाऊन या, मग घ्या."

"या टाचण्यांत? लोक हसतील!"

"झोळी घालून सहा महिने फिरलात की."

दाजी शिव्या घालत, दोन्ही हातांनी कंबर धरून रस्ता ओलांडून गेले.

तासाभराने परतले. कागद टेबलावर आपटला.

"फुगलीय वाहिनी. पाच पॉइंट नऊ सेंटिमीटर, असायला हवी दोन. आजच सर्जनकडे जा म्हणतायत. झालं समाधान?"

"नाही," शिंपी म्हणाला. पँट पुढे केली.

दाजींनी ती घेतली नाही. स्टुलावर बसले.

"तुझ्या ताईला तू सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं."

अकरा वर्षांत शिंपी ताईच्या दारात गेला नव्हता. त्याने मशीनचं बटण बंद केलं.

"सांगतो. आधी सर्जनकडे. रिक्षात तोंड उघडलंत तर तिथेच उतरवीन."

"तूच गप्प बस," दाजी म्हणाले, आणि उठायला त्याचा खांदा धरला.